चहा नको, दाढी नको... आणि तक्रारही नको?

समजा, तुमच्या मुलीला परदेशातल्या एका नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. फी माफक, परिसर देखणा, शिक्षण उत्तम. प्रवेशाच्या कागदांबरोबर अटींचं एक पान आलंय आणि त्यावर सही करून पाठवायचीय. दारू नाही, सिगारेट नाही, कुठलीच नशा नाही. जुगार नाही. शिवीगाळ नाही. कॉपी तर नाहीच नाही. तोकडे, अंगाला चिकटणारे कपडे नाहीत. मुलांनी दाढी ठेवायची नाही. लग्नाआधी शरीरसंबंध नाही. रात्री बारानंतर मुलानं मुलीच्या घरात थांबायचं नाही आणि भर दुपारीही तिच्या बेडरूमकडे फिरकायचं नाही. दर रविवारी प्रार्थनेला हजर राहायचं. आणि हो, चहा-कॉफीचा एक घोटही घ्यायचा नाही!

शेवटची अट वाचून घरात हशा पिकेल. पण बाकीच्या अटी वाचून बहुतेक आईवडिलांना हायसंच वाटेल. ‘अमेरिकेत असं कॉलेज आहे? मग लगेच पाठवा,’ असं आजीसुद्धा म्हणेल.

असं विद्यापीठ खरोखर आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात, युटा राज्यातल्या प्रोव्हो गावात. नाव ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी. तिथले विद्यार्थी, आणि एव्हाना सारी अमेरिका, तिला ‘बीवायू’ म्हणते. सुमारे पस्तीस हजार विद्यार्थी शिकतात आणि त्यांतले जवळजवळ सगळे एकाच पंथाचे आहेत. जग त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतं. चर्चला हल्ली हे नाव रुचत नाही. त्यांचं स्वतःचं नाव लांबलचक आहे, ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’.

या विद्यापीठाची गोष्ट सांगायची ती नियमांची गंमत म्हणून नाही. चांगल्या हेतूनं बांधलेलं कुंपण एके दिवशी भलत्याच माणसाला टोचायला लागलं आणि ते कुणी, कसं दुरुस्त करायला लावलं, ते सांगायचंय. ही गोष्ट वाचताना मला माझं जुनं हॉस्टेल सारखं आठवत राहिलं. दार संध्याकाळी सातला बंद व्हायचं आणि दाराशी एक रजिस्टर असायचं. नाव, खोली, वेळ आणि शेवटचा रकाना, ‘उशिराचे कारण’. त्या रकान्याकडे आपण शेवटी येऊ.

‘दाढीवाल्याच्या विद्यापीठात दाढीला बंदी’

या पंथाची स्थापना १८३० साली जोसेफ स्मिथनं केली. त्याच्या हत्येनंतर अनुयायांचा जथा घेऊन ब्रिगहॅम यंग १८४७ मध्ये युटाच्या ओसाड खोऱ्यात येऊन वसला. १८७५ मध्ये त्याच्या नावानं प्रोव्होत एक शाळा निघाली आणि १९०३ मध्ये तिचं विद्यापीठ झालं. या यंगसाहेबांना पन्नासहून अधिक बायका होत्या. बहुपत्नीत्वाची चाल पंथानं १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली आणि आज त्याच्या नावाचं विद्यापीठ एकनिष्ठतेबद्दल जगात सर्वांत कडक समजलं जातं! उतारवयातल्या छायाचित्रांत यंगसाहेबांना चांगली भरघोस दाढी दिसते. ‘आज स्वतः ब्रिगहॅम आला तर त्याला परीक्षेला बसू देणार नाहीत,’ हा तिथल्या मुलांचा पिढीजात विनोद आहे. तो अगदीच हवेतला नाही. दाढी न करता आलेल्या मुलाला परीक्षा केंद्राच्या दारातून ‘घोटून ये’ म्हणून परत पाठवल्याचे किस्से तिथं प्रत्येक वर्गात ऐकायला मिळतात.

नियमावलीला ‘ऑनर कोड’ म्हणतात. इमानाची संहिता म्हणा हवं तर. तिची सुरुवात विद्यार्थ्यांनीच केली. १९४९ च्या सुमारास परीक्षेतली कॉपी थांबावी म्हणून मुलांनीच आपल्यापुरती शपथ तयार केली. पुढं त्या शपथेला शेपट्या फुटत गेल्या. साठच्या दशकात अमेरिकेच्या विद्यापीठांत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं पेटली, लांब केसांचे हिप्पी आले, गांजा आला. त्या वादळापासून आपली मुलं लांब ठेवायची म्हणून विद्यापीठानं केस, दाढी आणि कपडे यांवर लगाम घातला. १९७१ मध्ये तेव्हाचे नवे अध्यक्ष डॅलिन ओक्स यांनी विद्यार्थ्यांपुढं हे प्रांजळपणे कबूल केलं होतं. दाढीत मुळात पाप काही नाही, आज ती बंडखोरीचं चिन्ह झालीय म्हणून बंदी आहे आणि काळ बदलला की नियमही बदलू शकेल, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. हिप्पी आजोबा झाले. दाढीवरची बंदी मात्र आहे तिथंच आहे! त्वचेचा विकार असेल, धर्माची आज्ञा असेल किंवा नाटकात काम असेल, तर परवानगी मिळते. २०१५ मध्ये ही तीन कारणं विद्यापीठानं जाहीरपणे स्पष्ट केली.

चहा-कॉफीचं मूळ त्याहून जुनं आहे. १८३३ मध्ये जोसेफ स्मिथनं आरोग्याविषयी जी धर्माज्ञा सांगितली, तिच्यात दारू-तंबाखूबरोबर ‘गरम पेयं’ निषिद्ध ठरली. त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला गेला. कोकाकोला गरम नाही, तरी बीवायूच्या आवारात कॅफीन असलेली शीतपेयं विकली जात नसत. ती सप्टेंबर २०१७ मध्ये मिळू लागली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. अमेरिकन कॉलेजांच्या एका प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तकात ‘सगळ्यांत शुद्धीवर असलेलं कॉलेज’ अशी एक यादी छापतात. तिच्यात बीवायूनं वर्षानुवर्षं पहिला नंबर सोडला नाही आणि कॉलेजनं तो अभिमानानं मिरवला. आवारात चॉकलेट घातलेलं दूध फार खपतं.

सही एकदा नाही, दर वर्षी

आपल्याकडेही प्रवेशाच्या वेळी नियमांच्या कागदावर सही घेतात आणि मग तो कागद कपाटात जातो. बीवायूत तसं नाही. तिथं दर वर्षी एका धर्माधिकाऱ्याची शिफारस आणावी लागते. मॉर्मन मुलामुलींसाठी हा माणूस म्हणजे त्यांच्या वस्तीचा बिशप. हा काही पगारी पुरोहित नसतो. दंतवैद्य असेल, प्राध्यापक असेल, दुकानदारही असेल. काही वर्षं तो हे काम विनामोबदला करतो. तो मुलांना समोर बसवून विचारतो, चर्चला येतेस का, नियम पाळतेस का, चारित्र्य शुद्ध आहे का. तोच पाप कबूल करण्याची जागा आणि तोच शिफारशीवर सही करणारा. त्यानं सही मागं घेतली की पुढच्या सत्राला नाव नोंदवता येत नाही. सगळे विषय उत्तम गुणांनी पास झालेल्या मुलाचीही पदवी अडकू शकते.

यात एक अजब पेच आहे. दुसऱ्या धर्माचा विद्यार्थी इथं शिकू शकतो. हिंदू, मुसलमान, ज्यू, कुणीही. त्याला चर्चच्या सदस्यांपेक्षा दुप्पट फी पडते. सदस्यांची फी म्हणजे अमेरिकेच्या मानानं अगदीच स्वस्त. कारण बाकीचा भार चर्च उचलतं आणि चर्चचे सदस्य आपल्या कमाईचा दहावा हिस्सा देवाघरी देतात. पण मॉर्मन म्हणून आलेला मुलगा मधेच ‘माझा आता या पंथावर विश्वास राहिला नाही’ म्हणून औपचारिकरीत्या बाहेर पडला, तर? दुप्पट फी भरायची तयारी असली तरी त्याला शिफारस मिळत नाही. परक्याला जागा आहे, आपल्यातून उठून गेलेल्याला नाही. विद्यापीठाची बाजू अशी की हे सगळं सही करण्यापूर्वी सांगितलेलं असतं, कुणी बळजबरी केलेली नसते. कायद्याच्या दृष्टीनं ते खरंही आहे. अमेरिकेत खासगी धार्मिक संस्थेला असे नियम करण्याची बरीच मोकळीक आहे. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदासुद्धा धार्मिक तत्त्वांच्या आड येईल तिथं अशा संस्थांना सूट देतो.

नियम सगळ्यांना सारखा असतो का, हा प्रश्न आपल्याकडे लगेच विचारला जातो. आपला अनुभवच तसा आहे. बीवायूनं त्याचं उत्तर २०११ मध्ये दिलं. त्या वर्षी त्यांचा बास्केटबॉल संघ तुफान खेळत होता. एकोणतीस सामन्यांपैकी सत्तावीस जिंकलेले, देशात तिसरा क्रमांक. मार्च महिना म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा महिना. नेमक्या त्याच वेळी विद्यापीठानं ब्रँडन डेव्हिस या महत्त्वाच्या खेळाडूला संघातून काढलं. कारण, ऑनर कोडचा भंग. विद्यापीठानं तपशील दिला नाही. मैत्रिणीशी लग्नाआधी संबंध आल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. दुसऱ्याच दिवशी संघ घरच्या मैदानावर हरला आणि पुढं राष्ट्रीय स्पर्धेतही शेवटच्या सोळांत गारद झाला. एकोणीस वर्षांच्या मुलाची खासगी गोष्ट देशभर चघळली गेली, याचं अनेकांना वाईट वाटलं. पण करोडो डॉलरच्या खेळापुढंही नियम वाकवला नाही, म्हणून कौतुकही भरपूर झालं. डेव्हिस पुढच्या हंगामात परत आला, शिकला आणि नंतर एनबीएतही खेळला.

इथवरची गोष्ट ऐकून कडक शिस्तीच्या बाजूचे वाचक मान डोलावतील. मीही डोलावली असती.

चोर सोडून संन्याशाला...

एप्रिल २०१६. विद्यापीठात बलात्काराविषयी जागृतीची सभा भरली होती. प्रश्नोत्तरांत विषय निघाला, अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या मुलीचीच ऑनर कोडखाली चौकशी होते का? मिळालेल्या उत्तरानं मुलींचं समाधान झालं नाही. मग एक विद्यार्थिनी नाव न लपवता पुढं आली. (तिचं नाव जगजाहीर आहे, पण ते इथं पुन्हा छापण्याची गरज नाही.) तिनं आदल्या वर्षी पोलिसांत बलात्काराची तक्रार केली होती. तक्रारीतला माणूस विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हता. त्याच्या ओळखीच्या एका पोलिसानं तिच्या तक्रारीची फाईल ऑनर कोडच्या ऑफिसात नेऊन दिली. आणि ऑफिसनं चौकशी सुरू केली ती तिची! नियम मोडला होतास का, याचं उत्तर द्यायला ये, असं तिला सांगण्यात आलं. खटला चालू असताना तिनं त्याला नकार दिला, तेव्हा पुढच्या वर्गांसाठी तिची नोंदणी अडवण्यात आली. खटल्याचं काम पाहणाऱ्या सरकारी वकिलानं, यामुळं आमच्या खटल्याला धोका पोचतो, थोडं थांबा, असं जाहीरपणे सांगितलं.

तक्रार खरी की खोटी, ते न्यायालयानं ठरवायचं असतं. प्रश्न वेगळाच होता. त्या एका मुलीनं तोंड उघडल्यावर एकामागून एक मुली बोलू लागल्या. ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ या दैनिकाच्या बातमीदारांनी त्यांच्या कहाण्या गोळा केल्या. साचा तोच होता. मुलगी कुणाच्या तरी घरी ठरलेल्या वेळेनंतर थांबली होती, किंवा पार्टीत बिअर प्यायली होती, किंवा मित्र तिच्या खोलीत आला होता. पुढं जे घडलं ते तिच्या मर्जीविरुद्ध होतं. पण ते सांगायचं तर आधी ‘मी तिथं होते’ हे सांगावं लागणार. आणि ‘मी तिथं होते’ म्हणजे नियमभंगाची कबुली. मग पदवी गेली, विद्यापीठाच्या मान्यतेचं घर गेलं, आवारातली अर्धवेळ नोकरी गेली. शिवाय गावी आईवडिलांना काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सगळ्यांत भयंकर गोष्ट म्हणजे हे गणित समोरच्या पुरुषालाही ठाऊक असे. ‘सांगितलंस तर तूच जाशील,’ एवढं वाक्य त्याला पुरे. मुलींच्या रक्षणासाठी लिहिलेला नियम त्याच्या हातात आयतं हत्यार झाला होता. हे असं व्हावं, अशी कुणाची इच्छा नव्हती. ज्यांनी बारा वाजताचा नियम लिहिला, त्यांना मुलगी सुखरूप राहावी असंच वाटत होतं. पण नियम मोडल्यावर त्या मुलीचं काय, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

विद्यापीठाचं म्हणणं असं होतं की अत्याचार झाला म्हणून आम्ही कुणावरच कारवाई करत नाही, बाकीच्या नियमभंगाची चौकशी वेगळी असते. कागदावर हा फरक स्वच्छ दिसतो. पण रात्री दीड वाजता पोलिसांना फोन करू की नको, म्हणून हातात मोबाइल धरून बसलेल्या मुलीला तो कसा दिसणार?

एक गोष्ट मान्य करायला हवी. विद्यापीठ हटून बसलं नाही. अध्यक्ष केव्हिन वर्दन यांनी एक सल्लागार समिती नेमली. त्याच ऑगस्टमध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानंही चौकशी सुरू केली, त्यामुळं दबाव होताच. समितीनं ऑक्टोबर २०१६ मध्ये तेवीस शिफारशी केल्या आणि विद्यापीठानं त्या सगळ्या स्वीकारल्या. त्यांतल्या दोन कळीच्या होत्या. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या व्यक्तीनं किंवा साक्षीदारानं त्या प्रसंगाच्या वेळी वा आसपास नियम मोडला असेल, तर त्याबद्दल कारवाई नाही. याला त्यांनी माफीचं धोरण म्हटलं. दुसरी, तक्रारींचं ऑफिस आणि ऑनर कोडचं ऑफिस वेगळं करायचं आणि इकडची माहिती तिकडं द्यायची नाही. तक्रार करणाऱ्या मुलीबरोबर उभी राहील अशी मदतनीसही नेमली गेली. माफीचं धोरण २०१७ मध्ये पक्क्या नियमांत आलं. त्याच वर्षी ‘ट्रिब्यून’ला या वार्तांकनासाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. तिथल्या पत्रकारितेतला हा सर्वोच्च मान.

मुलींच्या धाडसाला आणि बातमीदारांच्या चिकाटीला फळ आलं. पण एक धागा ओढला की वीण उसवत जाते. विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस दल आहे. त्या दलाकडं आसपासच्या गावांच्या पोलिसांच्या नोंदी पाहण्याची सोय होती आणि तिथली माहिती ऑनर कोडच्या ऑफिसपर्यंत झिरपत होती, असं उघड झालं. पोलीस म्हणून सरकारी अधिकार वापरायचे आणि कागदपत्रं मागितली की ‘आम्ही खासगी संस्था’ म्हणायचं, हे ‘ट्रिब्यून’नं न्यायालयात नेलं. २०१९ मध्ये युटाच्या विधिमंडळानं कायदाच बदलला आणि अशा पोलीस दलांनाही माहिती देणं बंधनकारक केलं. राज्याच्या सुरक्षा खात्यानं तर या दलाची मान्यताच काढून घेण्याची नोटीस दिली. २०२१ मध्ये एका प्रशासकीय न्यायाधीशानं ती रद्द ठरवली, पण तोवर सगळ्यांनी धडा घेतला होता.

शेजारणीचं ‘काळजीपोटी’

ऑनर कोडमध्ये एक कलम आहे, इतरांनाही नियम पाळायला प्रोत्साहन द्यावं. वाचायला किती छान! प्रत्यक्षात अनेकदा त्याचं रूप चुगलीचं होतं. खोलीतली मैत्रीण, पलीकडच्या घरातला मुलगा, दुरावलेला प्रियकर, कुणीही ऑफिसला कळवू शके, ‘काळजीपोटी’. आपल्या वाड्या-चाळींत वाढलेल्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. २०१९ च्या सुरुवातीला इन्स्टाग्रामवर अशा कहाण्यांचा पूर आला. अचानक बोलावणं यायचं. कशासाठी ते सांगायचे नाहीत. कुणी सांगितलं तेही नाही. ‘तुला सांगण्यासारखं काही आहे का?’ असं विचारून गप्प बसायचं. घाबरलेला मुलगा, त्यांना ठाऊक नव्हतं तेही सांगून मोकळा व्हायचा.

त्या एप्रिलमध्ये शेकडो विद्यार्थी आवारात जमले. दंगा नाही, दगड नाही. गाणी म्हटली, फलक धरले. ऑनर कोड रद्द करा, ही त्यांची मागणी नव्हती. बहुतेकांना चहा नको होता, दारू नको होती, लग्नाआधीचे संबंधही नको होते. त्यांना हवा होता तो फक्त न्याय देण्याचा न्याय्य मार्ग. ऑफिसचे नवे संचालक केव्हिन उट यांनी पुढच्या काही आठवड्यांत बदल जाहीर केले. आरोप सिद्ध होईपर्यंत विद्यार्थी निर्दोष मानायचा. आरोप काय ते पहिल्याच भेटीत सांगायचं. सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर निनावी तक्रार घ्यायची नाही आणि तक्रार कुणाची तेही बहुतेक वेळा विद्यार्थ्याला कळू द्यायचं. साध्यासुध्या गोष्टी. एका प्राचीन विश्वासाच्या विद्यापीठाला त्या शिकायला सत्तर वर्षं लागली.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये संहितेतून समलिंगी वर्तनाचा खास उल्लेख वगळला गेला. समलिंगी मुलंमुली आनंदानं एकमेकांचे हात धरून आवारात फिरली. दोनच आठवड्यांनी चर्चच्या शिक्षण विभागाचं पत्र आलं, उल्लेख काढला तरी तत्त्व तेच आहे, असे प्रेमसंबंध चालणार नाहीत. ज्यांनी त्या दोन आठवड्यांत भरवशानं सगळ्यांसमोर स्वतःची ओळख सांगितली होती, त्यांचं काय झालं असेल? बरोबर वर्षभरानं, ४ मार्च २०२१ च्या रात्री, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरावरचं भलंमोठं पांढरं ‘वाय’ अक्षर काही विद्यार्थ्यांनी इंद्रधनुष्याच्या रंगांत उजळून टाकलं. २०२३ मध्ये ती बंदी पुन्हा शब्दांत लिहिली गेली.

अमेरिकेतली इतर धार्मिक कॉलेजंही याच वाटेवरून अडखळत चालली आहेत. इलिनॉय राज्यातलं व्हीटन कॉलेज १८६० मध्ये स्थापन झालं आणि आवारात पहिला नाच झाला तो २००३ साली! बॉब जोन्स विद्यापीठाची कथा मात्र हसण्यासारखी नाही. तिथं गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर फिरायला, प्रेम करायला बंदी होती, आणि तीही बायबलच्या नावानं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची करसवलत काढून घेणं योग्य ठरवलं, तरी नियम सुटला नाही. सुटला तो मार्च २००० मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत या बंदीचा गवगवा झाल्यावर, थेट टीव्हीवरच्या मुलाखतीत.

आणि आपल्याकडे?

आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिलाय. तो मोलाचा हक्क आहे. पण चालवण्याच्या हक्कात वाईट कारभार करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्येच बजावून ठेवलंय. २०१५ मध्ये कोझिकोडच्या फारूक कॉलेजात मुलगे आणि मुली एका बाकावर बसले म्हणून वर्गाबाहेर काढले गेले. निषेध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला निलंबित केलं. केरळ उच्च न्यायालयानं त्या निलंबनाला स्थगिती दिली. त्याच वर्षी दिल्लीच्या जामिया मिलियात मुलींच्या हॉस्टेलची रात्री उशिरा परतण्याची सवलत बंद झाली आणि त्यातून ‘पिंजरा तोड’ ही मुलींची चळवळ उभी राहिली. ती पुढं अनेक कॉलेजांत पसरली. धार्मिक कॉलेजांनाच बोल लावायचं कारण नाही म्हणा. सरकारी, निमसरकारी, जातीच्या नावानं चालणारी, सगळीच वसतिगृहं मुलींच्या बाबतीत एका माळेचे मणी. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींवर मुलांपेक्षा वेगळे नियम लादू नयेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१५ च्या नियमांत आलंय. ते किती रेक्टरबाईंनी वाचलंय, देव जाणे.

नियम असावेत, या मताची मी आहे. अठरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहते तेव्हा कुणीतरी तिची वाट पाहत जागं असावं, असं मलाही वाटतं. म्हणूनच बीवायूतल्या त्या माफीच्या धोरणाचं मला अप्रूप वाटतं. त्यांनी बारा वाजताचा नियम काढला नाही. नियम मोडून संकटात सापडलेल्या मुलीसाठी दार उघडं ठेवलं, इतकंच. आपल्या कॉलेजांच्या नियमावलीत असं एखादं वाक्य घालायला पैसा लागत नाही, धर्मही आड येत नाही.

आता त्या रकान्याविषयी. आमच्या हॉस्टेलमध्ये पलीकडच्या खोलीत राहणाऱ्या एका मुलीच्या मागं एका संध्याकाळी बसस्टॉपपासून दोघं जण लागले. तिनं रस्ता बदलला, एका किराणा दुकानात शिरून उभी राहिली आणि ते गेल्यासारखे वाटले तेव्हा धावत सुटली. दाराशी पोचली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. केस विस्कटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. रेक्टरबाईंनी काही न बोलता रजिस्टर पुढं सरकवलं. तीन वेळा उशीर झाला की घरी पत्र जायचं आणि हा तिचा तिसरा उशीर होता. घरी ‘मुलांचं’ काही कळलं असतं तर तिचं शिक्षणच थांबलं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

‘उशिराचे कारण’ या रकान्यात तिनं लिहिलं, ‘बस चुकली.’